गजेंद्राची कानटोपी

उंबरसांगवी हे गाव ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर गावातच एकमत नाही. पण श्रीपेंढाजी महाराजांचे वास्तव्य तेथे होते यावर सर्वांचे एकमत आहे, आणि आपल्याला तेवढे पुरे.

महाराज प्रथम आले तेव्हा गावाने त्यांना मठ बांधून देऊ केला. महाराज म्हणाले, "मठ म्हटला की दार आलं. दार म्हटलं की कडी आली. ती रोज लावत कोण बसणार?" आणि ते सरळ तुका गवळ्याच्या गोठ्यात गेले व भाताच्या पेंढ्याच्या ढिगावर जाऊन बसले. तेच त्यांचे आसन झाले. हे आसन गोठ्यातले बैल थोडे थोडे खात असत. त्यामुळे सकाळी महाराज उंचावर बसलेले दिसत आणि सायंकाळपर्यंत जमिनीवर आलेले असत. भक्तमंडळी यातून फार खोल अर्थ काढीत. महाराज म्हणत, "अर्थ कसला? बैलांना भूक लागते."

महाराजांपुढे कुणी केळी ठेवो, नारळ ठेवो, ते बैलांच्याच मुखी जाई. एका भक्ताने नमस्कार करताना काढून ठेवलेली टोपीही गेली होती. महाराज कुणालाच अडवीत नसत. भक्तालाही नाही आणि बैलालाही नाही. भाविकहो, या बैलांना मनोमन हात जोडून पुढे चला. कथेत त्यांचे काम पडणार आहे.

त्याच गावात लिंबाजी चितारी राहत असे. लग्नघराच्या दारावर मोर काढावा, पोळ्याला शिंगे रंगवावीत, तुळशीवृंदावनावर वेल चढवावी, हा त्याचा व्यवसाय. तो स्वतः दगड कुटून रंग खली, दिव्याची काजळी धरून काळा रंग करी, आणि खारीच्या शेपटीचे गळलेले केस हुडकत रानोमाळ फिरून कुंचले बांधी. लोकांना यातले काहीच दिसत नसे. त्यांना फक्त बसलेला लिंबाजी दिसे.

"बसल्या बसल्या रेघा मारतोस, आणि वर दमतोस?" असे लोक म्हणत. मोबदल्याची वेळ आली की म्हणत, "वा लिंबाजी! काय हात आहे तुझा!" आणि तेवढ्यावर भागवीत.

लिंबाजीची पत्नी हौसा. ती एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही आणलेलं कौतुक रात्री भिजत घातलं होतं. फुगलं नाही."

लिंबाजी महाराजांचा भक्त होता. रोज गोठ्यात जाई, नमस्कार करी, आणि काही न मागता परत येई. मागायला त्याला सुचतच नसे. त्याचे लक्ष बैलांच्या डोळ्यांकडे असे.

गावचे इनामदार हैबतराव. त्यांनी केशवराजाच्या देवळापुढे नवा सभामंडप बांधला, आणि त्याच्या मुख्य भिंतीवर गजेंद्रमोक्षाचे चित्र काढवून घ्यायचे ठरवले. मगरीने हत्तीचा पाय धरला आहे, हत्ती सोंडेत कमळ घेऊन देवाला हाका मारतो आहे, आणि भगवान विष्णू गरुडावरून धावत येत आहेत, असा तो प्रसंग. लिंबाजीला बोलावणे गेले.

"देवाचं काम आहे, लिंब्या," हैबतराव चारचौघांत म्हणाले, "तेव्हा पैशाची भाषा नको. पण नाव होईल तुझं. आणि ऐक. ही तुझी रेघा मारायची चैन मी पुष्कळ दिवस बघतोय. चित्र गावाला पसंत पडलं तर ठीक. नाही पडलं तर कुंचले कायमचे ठेवायचे आणि माझ्या म्हशी राखायच्या. म्हशींमागं चाललास म्हणजे तरी लोकांना वाटेल की हा काहीतरी करतो."

सगळे हसले. आता शहाण्या माणसाने तेथून उठून जावे. परंतु लिंबाजीने तेवढ्यात भिंत पाहिली होती. नुकता चुना दिलेली, रुंद, कोरी भिंत! आयुष्यभर ज्याने चौकटीवर मोर बसवले, त्याला देवाने एवढे अंगण उघडून दिले. तो म्हणाला, "कबूल, सरकार."

घरी येऊन त्याने हौसाला सांगितले की पैसे नाहीत, पण नाव होईल.

"आणलंत का बरोबर?" हौसा म्हणाली. "द्या इकडं, आमटीत घालते."

पण दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे चढायला बांबूंची परांची बांधायची होती, तेव्हा तीच दोर घेऊन आली.

लिंबाजीने गेरूने रेखाटन केले. हौसा दुपारची भाकरी घेऊन आली आणि भाकरी हातातच धरून पुष्कळ वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हत्ती घाबरलाय. पण तुम्ही त्याला रडका नाही केला." लिंबाजीला वाटले, आपले पैसे मिळाले.

मग दर्शनाला येणारे लोक थांबू लागले, आणि भाविकहो, माणूस चित्रापुढे थांबला की त्याला काहीतरी सुचतेच.

पहिल्या आल्या यमुआत्या. म्हाताऱ्या, मायाळू बाई. म्हणाल्या, "बाबा लिंबाजी, हा मुका जीव किती काळ पाण्यात उभा! सर्दी होईल रे त्याला. एक कानटोपी घाल."

"आत्या, हत्तीला कानटोपी?"

"कान केवढे आहेत बघ. वारं तिथूनच शिरतं."

लिंबाजीला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नसे. हा त्याचा दोष होता. बहुतेक कलावंतांचा असतो. त्याने मनात म्हटले, एवढ्याने काय बिघडते? आणि गजेंद्राला जांभळी कानटोपी घातली. खाली बंदही बांधले.

मग मल्लू वस्ताद आले. त्यांनी हत्तीला खालीवर न्याहाळून म्हटले, "गड्या, हा मगरीशी झुंजतोय ना? मग लंगोट कुठाय? बिनलंगोटाची कुस्ती मी माझ्या गावात होऊ देणार नाही." गजेंद्राने लंगोट कसला.

तेलाचे व्यापारी पोपटशेठ म्हणाले, "लिंबाजीभाऊ, काठावर ही जागा मोकळी पडलीय. तिथं आपल्या दुकानाचा एक डबा ठेवला तर देवालाही अडचण नाही आणि आपल्यालाही नाही." काठावर डबा आला.

शेवटी हैबतराव आले. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, भगवान विष्णूंना मिशा हव्यात, पीळदार, इनामदार घराण्याला शोभतील अशा. दुसरी, स्वतः हैबतराव काठावर उभे दिसले पाहिजेत आणि हत्तीने कमळ त्यांच्या हातात दिले पाहिजे.

"सरकार," लिंबाजी चाचरत म्हणाला, "हत्ती देवाला हाका मारतोय..."

"मारू दे की. पण मंडप कुणी बांधला?"

सर्व सूचना अमलात आल्या. मग गाव चित्र पाहायला जमले आणि गावाला ते चित्र मुळीच आवडले नाही. यमुआत्या म्हणाल्या, देवाला मिशा शोभत नाहीत. वस्ताद म्हणाले, मल्लाने कानटोपी घालणे लाजिरवाणे आहे. पोपटशेठ म्हणाले, लंगोटामुळे डब्याकडे लक्ष जात नाही. हैबतराव म्हणाले, देवापुढे तेलाचा डबा म्हणजे अधर्म आहे. आणि सर्वांनी मिळून एकच निष्कर्ष काढला, की लिंबाजीला काही येत नाही.

"उद्या लोकार्पण आहे," हैबतराव म्हणाले. "डोळे राहिलेत ते काढून टाक, आणि परवापासून म्हशी. काठी माझ्याकडची देतो. तेवढं तुझ्या नशिबात फुकट."

आता डोळ्यांविषयी सांगितले पाहिजे. चिताऱ्यांची एक जुनी रीत आहे. देवाचे चित्र असेल तर डोळे सर्वांत शेवटी, सर्वांसमक्ष काढायचे. तोवर तो रंग. डोळे उघडले की देव. चितारी त्या दिवशी उपाशी असतो, आणि तो पहिला ठिपका ठेवतो तेव्हापासून परांचीवरून खाली उतरेपर्यंत तेथे कुणीही एक अक्षर बोलायचे नाही. इनामदारानेसुद्धा.

त्या सायंकाळी लिंबाजी गोठ्यात गेला. महाराज जमिनीजवळ आले होते. लिंबाजीने कुंचल्यांचे पुडके महाराजांपुढे ठेवले आणि पायांवर डोके टेकवून तो लहान मुलासारखा रडला.

"महाराज, ज्याने जे सांगितलं ते मी केलं. आता त्या भिंतीत मी कुठं आहे ते मलाच सापडत नाही. हात बघा कसा थरथरतोय. या हाताने देवाचे डोळे कसे काढू? हे कुंचले तुमच्या पायाशी ठेवतो. मी म्हशींकडं जातो."

महाराजांनी विचारले, "त्या चित्रातली मगर कुणी काढली रे?"

"मीच, महाराज."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

लिंबाजी आठवू लागला. मगरीकडे कुणीच लक्ष दिले नव्हते. कुणाला मगर आपलीशी वाटली नव्हती. "कुणाच्याच नाही," तो म्हणाला.

"मी काल पाहून आलो. बैल बरोबर होता. मगर पाहून तो मागे सरला, आणि पुन्हा पुढे यायला तयार होईना. जिवंत आहे ती. लिंबाजी, ज्या हाताला मगर जमली त्याला देव जड जाईल का? सापडलास ना तू? मगरीत आहेस." महाराज हसले. "आणि गजेंद्राने तरी काय केलं? अंगातला सगळा जोर संपला तेव्हा एक फूल वर धरलं. उद्या तेवढंच कर. देव उद्या डोळे उघडेल आणि पहिल्यांदा स्वतःला पाहील. त्याच्या अंगावर कुणी काय चढवलंय, त्याचा निवाडा त्याचा तो करील. तू मध्ये पडू नकोस."

लिंबाजीच्या अंगात बळ आले. त्याने डोळे पुसून कुंचल्यांकडे हात नेला.

कुंचले तेथे नव्हते. बैल शेवटचा दांडा चघळत होता.

महाराजांपुढे ठेवलेल्या वस्तूचे काय होते हे रोज येणारा लिंबाजी ऐन दुःखात विसरला होता! वर्षानुवर्षे जमवलेले खारीचे केस नंदीच्या वंशजाच्या पोटात गेले. लिंबाजीला हसावे की रडावे कळेना. महाराजांनी मात्र शांतपणे बैलाच्या तोंडातून पेंढ्याची एक काडी ओढून काढली. तिचे टोक चघळून चघळून केसासारखे बारीक पिंजले गेले होते.

"हा घे कुंचला," महाराज म्हणाले. "बैलाने मेहनतीने केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडप माणसांनी भरून गेला. आसपासच्या गावांतूनही लोक आले होते, कारण देवाला मिशा आल्याची बातमी लांब गेली होती. हैबतराव जरीचा फेटा बांधून पुढच्या बैठकीवर बसले. महाराज आले, बैलाला घेऊन. कुणी हरकत घेतली नाही.

लिंबाजी परांचीवर चढला. त्याच्या हातातली काडी पाहून हैबतराव मोठ्याने म्हणाले, "हे काय, लिंब्या? देवाचे दात कोरणार आहेस का?"

हशा उसळला. खाली उभ्या असलेल्या हौसाने पदर खोचला आणि वर पाहून म्हणाली, "तुम्ही काढा हो. मगर बघा आणि काढा."

लिंबाजीने मगरीकडे पाहिले. मग महाराजांकडे पाहिले. काडी काजळीत बुडवली आणि पहिला ठिपका ठेवला. रीतीप्रमाणे मंडप एकदम मुका झाला.

हात थरथरला नाही! डावा डोळा झाला. लिंबाजीने श्वास रोखला आणि उजव्या डोळ्यातले बुबुळ टेकवले.

भगवंतांनी डोळे उघडले.

प्रथम त्यांनी समोर पाहिले. सर्वांना वाटले, माझ्याकडेच पाहिले. कित्येकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग, हे तेथे असलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे, देवाची दृष्टी हळूच खाली, स्वतःच्या ओठांवर आली. तेथे थोडा वेळ थांबली. नंतर ती गजेंद्राच्या कानटोपीकडे गेली. तेथून लंगोटाकडे. तेथून डब्याकडे. देवाच्या मुखावर जो भाव उमटला त्याला राग म्हणता येणार नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या घरी चहात मीठ पडलेले असावे आणि समोर तोंडभर हसणारी यजमानीण उभी असावी, तसा तो भाव होता.

आणि मग भिंतीवरून कानटोपी सुटली.

जांभळ्या रंगाची ती हत्तीच्या मापाची टोपी भिंतीवरून अलगद निघाली, लोकांच्या डोक्यांवरून तरंगत गेली, आणि ज्यांनी ती सुचवली होती त्या यमुआत्यांच्या डोक्यावर बसली. आत्या कमरेपर्यंत दिसेनाशा झाल्या. बंद आपोआप बांधले गेले. परंतु लिंबाजी अजून खाली उतरला नव्हता, आणि रीत म्हणजे रीत, त्यामुळे आत्यांनी आतून चकार शब्द काढला नाही. मागोमाग लंगोट निघाला. तो मल्लू वस्तादांना धोतरावरून असा गुंडाळला गेला की वस्तादांचे फक्त कान बाहेर राहिले. तेलाचा डबा पोपटशेठच्या मांडीवर येऊन पडला. डब्याला फक्त पुढची बाजू होती. मागची लिंबाजीने काढलेली नव्हती, म्हणून नव्हती. एवढे सगळे घडले आणि मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता!

देवाच्या मिशा निघाल्या त्या थेट हैबतरावांकडे. त्यांच्या ओठावर मूळच्या मिशा होत्याच. नव्या त्यांच्या वर बसल्या. एकावर एक, दोन्ही पीळदार. हैबतरावांनी उपरण्याने खसाखसा पुसून पाहिले. त्या हलल्या नाहीत, चमकल्या मात्र.

शेवटी चित्रातले हैबतराव भिंतीवरून खाली उतरले.

ते कागदासारखे चपटे होते. बाजूने पाहणाऱ्यांना दिसतच नव्हते. समोरून पाहणाऱ्यांना साक्षात इनामदार दिसत होते, फेट्यासह, हातात कमळ घेऊन. त्यांनी मागे वळून ते कमळ गजेंद्राच्या सोंडेत परत दिले. सोंड वर उठली आणि कमळ देवाच्या दिशेला झाले. मग चित्रातले हैबतराव परांचीपाशी येऊन उभे राहिले. लिंबाजी खाली उतरला. त्याचा पाय जमिनीला लागताच ते वाकले आणि त्यांनी लिंबाजीच्या पायांवर डोके ठेवले.

त्याच क्षणी त्यांचा गेरू आणि निळीचा भुगा झाला. हौसाने तो करवंटीत भरून घेतला. चांगला रंग वाया का घालवावा?

लिंबाजी उतरला होता. मौन सुटले. "केशवराज महाराज की जय!" अशी एकच गर्जना झाली, आणि तिच्याखाली कानटोपीतून यमुआत्यांचा आवाज आला, "लिंबाजी, बाबा, चुकले रे! पण ऊब फार छान आहे!"

लोकांनी वर पाहिले. भिंतीवर आता फक्त लिंबाजीचे चित्र होते. घाबरलेला पण न रडणारा हत्ती. मगर, जिच्याजवळची माणसे नकळत मागे सरत होती. आणि धावत येणारे भगवंत, ज्यांची नजर थेट त्या एका फुलावर होती. एक म्हातारा शेतकरी पुढे आला आणि पागोटे काढून भिंतीखाली बसून राहिला. त्याच्यामागे दुसरा बसला. मग सगळेच बसले. लिंबाजीने त्यांच्याकडे पाहिले, आणि त्याला प्रथमच कुणाला विचारावेसे वाटले नाही की कसे झाले आहे.

हैबतराव मात्र उभे होते. माणसाला स्वतःचे वाकणे कधी दिसत नाही. आरशासमोर वाकले तर आरसाच दिसेनासा होतो. हैबतरावांनी आज स्वतःला वाकताना पाहिले होते, आणि ते रूप त्यांना आपल्या ताठ रूपापेक्षा बरे दिसले होते. ते दोन मिशांनिशी महाराजांकडे गेले.

"महाराज, क्षमा करा. मी त्याच्या कामाला चैन म्हटलं."

महाराज म्हणाले, "माझ्याकडं काय आहे? मी पेंढ्यावर बसतो. रात्र रात्र रंग खलले ते त्याने. रस्ता तर तुझ्या चित्राने तुला दाखवलाच आहे."

हैबतराव वळले. भरल्या मंडपात, साऱ्या गावासमोर, त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि लिंबाजीच्या पायांवर डोके टेकवले.

"लिंबाजीबुवा," ते म्हणाले. लिंबाजीला बुवा कुणी प्रथमच म्हटले होते. "देवळाचा कळस, दारं, रथ, सगळं रंगवायचं आहे. धान्य आज घरी पोहोचेल, कामाच्या आधी. काय काढायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त रंगाची वाटी धरीन. आणि म्हशी... म्हशी मी राखीन."

"म्हशींना विचारून घ्या, सरकार," हौसा म्हणाली.

लिंबाजीने त्यांना दोन्ही हातांनी उठवले. उठताना वरची मिशी सुटली आणि महाराजांच्या पुढ्यात पडली. बैलाने ती खाल्ली.

उंबरसांगवीत आजही ते चित्र आहे असे सांगतात, आणि त्याच्यापुढे उभे राहून आजवर कुणी सूचना केलेली नाही. ज्याच्या हातात कुंचला आहे, लेखणी आहे, किंवा नुसती चघळलेली काडी आहे, त्याच्या हाताला महाराज बळ देवोत. आणि ज्याच्या तोंडावर सूचना आली आहे, त्याला ती आधी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहण्याची बुद्धी होवो.